बातमीच्या आधी

खोकल्याचं औषध आलं होतं. खोकला अजून यायचा होता. मुकुंदतात्या दिवट्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली, दारातून पुढे निघालेल्या बिनचालकाच्या गाडीकडे संशयानं बघितलं आणि बाटली गल्ल्यामागच्या फळीवर ठेवून दिली. मागच्या खेपेलाही त्यांनी ती अशीच ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घसा धरला होता.

विट्याच्या जुन्या पेठेत आता याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. ‘शेजार’ ही संगणकी यंत्रणा येण्याआधी ही पेठ मरायला टेकली होती. लोक मोबाईलवर बोट ठेवायचे आणि मोठ्या कंपन्यांचा माल दारात येऊन पडायचा. दुकानदार बापडे पंख्याखाली माश्या मारत बसायचे. तेव्हा भांड्यांच्या दुकानवाल्या शालन शितोळे, व्यापारी मंडळाच्या अध्यक्षा, भर सभेत कडाडल्या होत्या, “मोठ्यांनी काय अक्कल वरनं आणलीया? इकत घेतलीया. आपण वर्गणी काढून इकत घिऊ!” आणि पेठेनं ती घेतली. प्रत्येक दुकानाच्या छताला एक डोळा बसला, गल्ल्याशी एक कान बसला, आणि बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सगळ्यांचं मिळून एक गोदाम उभं राहिलं. किराणा, मेडिकल, चपला, कापड, भांडी, कुणी काय घेतलं आणि काय घ्यायचं टाळलं, हे सगळं शेजार एकत्र मांडायचं आणि कुठल्या घराला उद्या काय लागेल याचं गणित करायचं. सकाळी दुकान उघडायच्या आत तो माल बांधून, वर घरखूण म्हणजे घराचं नाव-गल्ली छापून, त्या त्या दुकानात हजर. याला पेठेत ‘आगाऊ पुडा’ म्हणत. गिऱ्हाईक यायचं, पुडा उचलायचं, जायचं.

पेठ वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त दुकानाच्या पायरीवर बूड टेकून “काय वो, तोंड का उतरलंय?” असं विचारणारं कुणी राहिलं नाही. मागायचंच काही उरलं नाही, तर बोलायला निमित्त तरी काय?

तात्यांच्या दुकानात पुढच्या बाजूला पंचे, टॉवेल, टोप्या, चादरी. मागं अर्धा पडदा, आणि पडद्यामागं मर्तिकाचं सामान. तीन पिढ्यांचा धंदा. वडिलांनी दुकान सोपवताना कुलपाच्या किल्लीबरोबर तीन नियमही दिले होते. बातमी आल्याशिवाय सामान बांधायचं नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारी जायचं नाही. आणि गिऱ्हाईक निघालं की ‘पुन्हा या’ म्हणायचं नाही. या दुसऱ्या नियमापायी तात्यांनी घरचं सोडता पेठेतलं एकही लग्न पाहिलं नव्हतं. आहेर दुसऱ्याच्या हाती जायचा, लाडू दुसऱ्याच्या हाती यायचे. शुभकामाला निघालेली माणसं त्यांना बघून गल्ली बदलायची. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, अगदी या वयातही वाटायचं. पण ते कुणाला सांगण्याची सवय त्यांना नव्हती.

दुकानातलं शेजार सांभाळायची ती सून, रेवती. गेल्या उन्हाळ्यात गावात एकाच दिवशी दोन मयती झाल्या, मडकी संपली आणि एका घरच्या माणसांना ऐन दुःखात कराडला पळावं लागलं. रेवतीला त्याची फार लाज वाटली. तिनं तात्यांना धड न विचारताच पडद्यामागचा सगळा माल, जुन्या विक्रीच्या वहीसकट, शेजारच्या यादीत चढवून टाकला. मडकं, मांजरपाट, सुतळी, कापूर, बुक्का. नुसती मालाची आणि घरांची नावं. त्यांचं एकत्र येणं म्हणजे काय, हे शेजारला सांगायची गरज तिला वाटली नव्हती.

आज औषधाच्या बाटलीबरोबर आणखी एक पुडा आला होता. चांगला मोठा. रेवतीनं तो गल्ल्यावर घेतला आणि वरचा कागद सोडवला.

“मामा, हे आपलं न्हवं,” ती म्हणाली. सासऱ्याला ती मामाच म्हणायची. “बघा की, हिरवी साडी, खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. शितोळ्यांच्या लग्नघरचं दिसतंय. गाडीनं चुकून आपल्याकडं टाकलं.”

घरखूण शितोळ्यांचीच होती. मारुती गल्ली. शालनताईंच्या लेकीचं, ऋतुजाचं, लग्न उद्यावर आलेलं, आज हळद. मांडव सकाळपासून वाजत होता. इथपर्यंत ऐकू येत होता.

“थांब,” तात्या म्हणाले. त्यांनी साडी उचलून बाजूला ठेवली. खाली मांजरपाटाची घडी होती. तिच्याखाली सुतळीचा गुंडा, कापराची पुडी. आणि अगदी तळाशी, पेंढ्यात गुंडाळलेलं, मडकं.

बाई सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवतात, हिरव्या बांगड्या भरतात, कपाळभर कुंकू लावतात. बोहल्यावर चढताना जे लागतं तेच जाताना लागतं. फरक फक्त तळाशी असतो. तात्यांनी असली कितीतरी गाठोडी बांधली होती. बातमीच्या आधी मात्र एकही नाही. त्यांनी मडक्यावरचा हात काढून घेतला.

“बातमी आली का?” त्यांनी विचारलं.

“कसली बातमी, मामा? मांडव वाजतोय की.”

“मग हे कुणासाठी बांधलं?”

रेवतीनं मनात मोजलं. शितोळ्यांच्या घरात बायका तीन. म्हातारी सासू विधवा. ऋतुजा उद्यापर्यंत कुमारिका. सवाष्ण एकच.

रेवतीनं गल्ल्यावरचा स्क्रीन उजळला. “शेजार, हा शितोळ्यांचा पुडा का आला?”

“शितोळे यांच्या घरी या मालाची गरज पडण्याची शक्यता फार मोठी आहे,” शेजारचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. “मुदत उद्यापर्यंत.”

“कशावरून?”

स्क्रीनवर एकेक ओळ उमटत गेली. मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या. आधी कधीमधी, आता रोज. काष्ठौषधीच्या दुकानातून लवंगतेल, दाढदुखीसाठी. पण दाताच्या डॉक्टरकडे जाणं नाही. किराण्यातून डाव्या खांद्याला चोळायला बाम. लग्नासाठी घेतलेल्या चपला परत करून मोठ्या मापाच्या घेतल्या, पाय सुजतात म्हणून. आणि भांड्यांच्या दुकानात छताच्या डोळ्यानं पाहिलेलं: शालन शितोळे आता घागर उचलण्याआधी बसतात. गल्ल्याच्या कानानं ऐकलेलं: तीन पायऱ्या चढल्यावर त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटतं.

“पूर्वी ज्या घरांतून अशी खरेदी झाली,” शेजारनं सांगितलं, “त्या घरांनी पुढे बहुतेक वेळा हा माल घेतला आहे.”

“म्हणजे... हार्टचं काहीतरी?” रेवती पुटपुटली. “आणि हे तू त्यांना सांगितलंस?”

“ग्राहकानं विचारलेलं नसताना प्रकृतीबद्दल सांगणं माझ्या कामात येत नाही. माल वेळेवर पोचवणं हे माझं काम आहे. माल पोचला आहे. आणखी काही हवं आहे का?”

रेवतीनं स्क्रीन विझवला. तिला रडू यायला लागलं होतं, आणि राग नक्की कुणाचा आलाय हे तिला कळत नव्हतं. मेडिकलवाल्याला गोळ्या माहीत होत्या. काष्ठौषधीवाल्याला दाढ माहीत होती. चपलावाल्याला पाय. जुन्या दिवसांत ही तिघं संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटली असती, शालनताईंची थोडी थट्टा झाली असती, आणि थट्टेथट्टेत कुणीतरी म्हणालं असतं, “अरं, बाईला दवाखान्यात न्यायला सांगा हणमंतरावाला.” आता ज्याला सगळं माहीत होतं त्यानं मडकं मागवलं होतं.

तिनं शालनताईंना फोन लावला. वाजून वाजून तो उचलला हणमंतरावांनी, त्यांच्या यजमानांनी. मागं सनई, बायकांचा गलका.

“काका, काकींना दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता. त्यांच्या छातीचं काहीतरी...”

“कोण? रेवती काय? अगं, पित्त झालंय तिला. जागरणं का थोडी झाली? आल्याचा रस दिलाय आत्ताच. तू ये की हळदीला!” फोन बंद झाला.

मग रेवती स्वतः गेली. जाताना डॉक्टर नसरीन इनामदारांच्या दवाखान्यात डोकावली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “मी येऊन उपयोग नाही, ईसीजीचं यंत्र इथं आहे. उचलून आणावं लागलं तरी आण.” पण रेवती गेली तशी परत आली. तिच्या गालाला हळद होती आणि डोळ्यांत पाणी.

“हसल्या मला, मामा. म्हणाल्या, ‘पोरीच्या लग्नात कुठल्या आईचं अंग दुखत न्हाई? एवढं लग्न पार पडू दे, मग बघू.’ घामानं डबडबल्यात, आणि पदरानं वारा घेत घेत हसतायत. चारचौघांत मी काय सांगणार? तुमचं मडकं आलंय म्हणून सांगू?”

पडदा सारून तात्या मागं गेले आणि मनाशी हिशेब करायला लागले. ऋतुजाचं सासर कोइमतूरचं, गलाईवाल्यांचं. विट्याचीच माणसं, सोनं आटवायला तिकडं गेलेली आणि तिकडं मोठी झालेली. देवाधर्माला, शकुनाला फार जपणारी. हळदीच्या मांडवात दिवट्याचा मुकुंद उभा राहिलेला त्यांनी बघितला तर लग्न मोडलंच म्हणून समजा. आणि शेजारचा अंदाज चुकला असेल तर? खोकल्याच्या औषधात चूक झाली तर बाटली फळीवर पडून राहते. इथं चूक झाली तर शितोळे जन्माचे वैरी होणार, आणि उद्या ज्याच्या घरी खरंच कुणी जाईल तोही या दुकानाची पायरी चढणार नाही. चुकला नसेल तर मात्र उद्या हेच गाठोडं त्यांना स्वतःच्या हातानं द्यावं लागणार. लोक म्हणतील, तात्यांकडं सामान तयारच होतं.

“रेवती,” ते बाहेर येऊन म्हणाले, “माझी चांगली टोपी दे.”

“मामा! तुम्ही? हळदीत?”

“दुसरं कोण ऱ्हायलंय?”

भर दुपारी तात्या पेठेतून चालत निघाले. मारुती गल्लीकडं वळले तसा चपलावाला दुकानातून बाहेर आला. “तात्या, रस्ता चुकलासा काय? तिकडं मांडव हाय.” तात्यांनी मान हलवली आणि चालत राहिले. मागं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, “कोण गेलं रं?” दुसरं म्हणालं, “शितोळ्यांच्यात तर हळद हाय.” तात्यांना पाठीवर सगळ्या पेठेची नजर जाणवत होती. परत फिरावं असं त्यांना दोनदा वाटलं. मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्या दिसल्या तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली. एवढ्या जवळून दुसऱ्याच्या लग्नाचा मांडव त्यांनी पोरवयातच काय तो पाहिला होता.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते सनईवाल्यानं. त्याचा सूर मध्येच तुटला. मग बायकांचं गाणं थांबलं. पाटावर बसलेली, तोंडाला हळद माखलेली ऋतुजा मान वर करून बघायला लागली, आणि तिच्या होणाऱ्या सासरची एक बाई घाईनं पदर डोक्यावर घेऊन दोन पावलं मागं सरकली.

हणमंतराव धावत आले. मोठा धिप्पाड माणूस, फेटा नुकताच बांधलेला. “तात्या, अहो तात्या! आज? काय काम असंल ते माणूस पाठवून सांगायचं. व्याही बसल्यात आत.”

“शालनवहिनींना बाहेर बोलवा.”

“काय?”

“वहिनींशी बोलायचंय.”

हणमंतरावांचा चेहरा लालबुंद झाला. आवाज दाबून, पण दातओठ खात ते म्हणाले, “हे बघा, आजवर तुमचा मान ठेवला. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय. उलट्या पावली जावा. न्हाईतर मी वयाचा मुलाहिजा ठेवणार न्हाई.” त्यांचा पंजा तात्यांच्या दंडावर पडला होता. तात्यांची टोपी खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

“मारा,” तात्या म्हणाले. “पर आधी वहिनींना बोलवा.”

“कोण हाय तिकडं?” असं विचारत शालनताई घरातून बाहेर आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे. कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ पांढरट. उंबऱ्यातून मांडवात उतरताना त्यांनी खांब धरला. मग त्यांना तात्या दिसले.

तात्यांना दारात पाहिलेल्या माणसाला या गावात एकच प्रश्न सुचतो. शालनताईंनी तोच विचारला.

“कोण गेलं?”

सगळा मांडव ऐकत होता. सांगायचं काय, याची जुळवाजुळव तात्यांनी वाटभर केली होती. त्यातलं एकही वाक्य आता आठवेना. जे खरं होतं तेवढंच तोंडातून बाहेर पडलं.

“अजून कुणी न्हाई, वहिनी.”

शालनताई बघत राहिल्या. बाई हुशार होती. मंडळाच्या सभेत भल्याभल्यांना गप्प करणारी बाई. शेजारच्या अंदाजांचं कौतुक याच बाईनं गावोगाव जाऊन सांगितलं होतं. दिवट्यांचा मुकुंद बोलावल्याशिवाय कुणाच्या दारी जात नाही, हे तिला माहीत होतं. त्याच्या दुकानात माल कोण पाठवतं, हेही माहीत होतं. तिची नजर हळूहळू स्वतःच्या डाव्या खांद्याकडं गेली, मग सुजलेल्या पायांकडं.

“पुडा आलाय?” तिनं अगदी हळू विचारलं.

तात्यांनी मान हलवली.

“हिरवी साडी?”

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

शालनताई खांबाला टेकून खाली बसल्या. “गाडी काढा, वो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

“अगं पण हळद... व्याही काय म्हणतील?”

“लग्नाला मी पायजे का नको? मग गाडी काढा!”

डॉक्टर इनामदारांच्या यंत्रातून निघालेल्या कागदी पट्टीवरच्या रेषा बघून डॉक्टर स्वतःच अँब्युलन्समध्ये चढल्या. कराडच्या मोठ्या दवाखान्यात पोचायच्या आत शालनताईंचं हृदय एकदा थांबलं आणि डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं. मांडवात थांबलं असतं तर सुरू करायला तिथं कुणी नव्हतं. हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बंद झालेली. रात्र मध्ये जाऊ दिली असती तर काही हाती लागलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी हणमंतरावांना सांगितलं. हणमंतराव तिथंच भिंतीला धरून रडले. बांधलेला फेटा अजून डोक्यावर होता.

लग्न मोडलं नाही. पुढं ढकललं, इतकंच. पदर डोक्यावर घेऊन मागं सरकलेली बाई ऋतुजाची आतेसासू निघाली. तिनंच सांगितलं म्हणे, की ज्या घरात अपशकुनानं माणूस वाचतो त्या घरची पोर मला पाहिजे.

पुड्याचं मात्र करायचं काय, हा प्रश्न उरला. मर्तिकाचं सामान परत जात नाही, हा रिवाज. शेजारला रिवाज माहीत नव्हता, ते रोज सकाळी गोड आवाजात विचारायचं, “शितोळे यांचा माल अजून उचललेला नाही. अंदाज चुकला असं नोंदवू का?” रेवती त्याचा आवाज बंद करायची. खरंच काय नोंदवायचं? तो चुकला होता की चुकवला होता?

पेठेत मात्र गदारोळ उठला. आमच्या घोरण्याचा, धापा टाकण्याचा हिशेब ठेवायला सांगितलं होतं कुणी? मंडळानं शेजार पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. तो पुण्याहून आला, चांगला समजूतदार होता, सगळ्यांचं ऐकून घेतलं. शालनताई त्या सभेला घरच्यांचा विरोध पत्करून आल्या होत्या; आवाज खोल गेला होता, धार गेली नव्हती. “तुम्हाला कळतंय ना? मग आम्हाला पण कळवा. मडकं मागवायच्या आधी माणसाला सांगा.”

“ताई, ते वैद्यकीय सेवेत येतं,” तो म्हणाला. “त्याचा परवाना वेगळा. आम्ही जरूर विचार करू. पण लोकांच्या खाजगीपणाची तक्रार आहे, तिच्यावर लगेच उपाय करतो.”

उपाय झालाही. या प्रकारच्या मालावरची घरखूण काढून टाकण्यात आली. आता कुणाच्या घरचं कुणाला कळणार नाही. बहुतेक सगळ्यांचं समाधान झालं. रेवती म्हणाली, तो मालच यादीतून काढून टाकते. शालनताईंनी तिला थांबवलं. “काढलास तर येणारं थांबणार हाय का, पोरी? नुसतं कळायचं थांबंल.”

निघताना त्या तात्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या. पेठेतल्या बायका बघत होत्या. त्यांना बघू देत शालनताई मोठ्यानं म्हणाल्या, “तात्या, लग्नाची नवी तारीख धरलीया. पयलं बोलावणं तुम्हाला. आहेर कुणाच्या हाती पाठवलासा तर परत धाडीन.” त्या उठून निघाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तात्यांच्या तोंडून निघून गेलं, “पुन्हा या.”

त्या लग्नात तात्या पहिल्या पंगतीला जेवले. पेठ हळूहळू त्यांच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली, पण ती नजर पूर्वीपेक्षा सोपी होती असं नाही. ते समोरून दिसले की माणसं आता गल्ली बदलत नव्हती. जागच्या जागी थबकायची आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते वाचायची.

पावसाळा संपता संपता एका सकाळी गाडी दारात थांबली. वरच्या कप्प्यात नेहमीचा माल. खालच्या कप्प्यात एक मोठा पुडा, त्यावर कसलीही खूण नाही.

रेवतीनं तो गल्ल्यावर ठेवला. दोघंही काही वेळ त्याला हात लावेनात. मग तात्यांनीच गाठ सोडली. मांजरपाट. सुतळी. बुक्का, कापूर. साडी नाही, पांढरा पंचा आणि टोपी.

“गडीमाणूस हाय,” तात्या म्हणाले.

“शेजार, हा पुडा कुणासाठी?” रेवतीनं विचारलं.

“ही माहिती गोपनीय आहे,” गोड आवाज म्हणाला. “माल जुन्या पेठेसाठी आहे. मुदत या आठवड्यात. आणखी काही हवं आहे का?”

जुनी पेठ. किती घरं, किती पुरुष? तात्यांच्या डोळ्यांपुढून चेहरे जायला लागले. धापा टाकणारा मेडिकलवाला. दिवसभर चहा ढोसणारा चपलावाला. हणमंतराव, बायकोच्या आजारपणात निम्मे झालेले. आता शेजारला जे ठाऊक होतं ते बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते काढून घ्यायचा जुना मार्ग एकच होता. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

“कुठं निघालात?”

“दारोदार. एकेकाच्या पायरीवर बसतो, इचारतो. झोप लागती का, धाप लागती का, काय दुखतंय. पूर्वी करतच होतो की आपण. जास्तीत जास्त काय, हाकलून देतील.”

“आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्ही पण याच पेठेतले पुरुष की, मामा.”

तात्या हसले. “माझं काय घेऊन बसलीस! एवढी पेठ पार पडू दे, मग बघू.”

म्हणून झालं आणि ते वाक्य त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. रेवतीनंही ते ऐकलं होतं. ती गल्ल्यामागून बाहेर आली. फळीवर खोकल्याच्या तीन बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. शेजार पाठवत राहिलं होतं, तात्या ठेवत राहिले होते, आणि पायऱ्या चढल्यावर मामा हल्ली किती वेळ खोकतात हे तिनं, एकाच घरात राहून, कधी मनावर घेतलं नव्हतं. ती दारात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात आडवे करून तिनं चौकट अडवली.

“पयलं दार हेच,” ती म्हणाली. “बसा पायरीवर. आणि मला खरं सांगा, मामा. तुम्हाला बरं आहे ना?”